त्यांना माझं ‘हो’ पुरायचं

“हो म्हणू नको. काय समजलं ते सांग.”

मास्तरांच्या तोंडून हे वाक्य दिवसाला वीस-पंचवीस वेळा तरी यायचं. काही समजावून झालं आणि समोरच्यानं मान डोलावली, की मास्तर हातातला पाना खाली ठेवत, दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि वाट बघत उभे राहत. समोरच्यानं सगळं आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय पाना परत उचलला जात नसे. मग त्यात पाच मिनिटं जावोत की पंधरा.

वर्गात निम्मे हिंदी बोलणारे. त्यांच्यासाठी हेच वाक्य हिंदीत. “हाँ सर मत बोल. क्या समझा वो बोल.” नया नगरचा एक शिकाऊ एकदा वैतागला. “सर, हाँ बोला ना मैंने.” मास्तर शांतपणे म्हणाले, “हाँ तो शादी में भी बोलते हैं. क्या समझा था, वो बाद में पता चलता है.” वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. ते वाट बघत उभे होते.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. ज्याच्या हाताखाली काम करताना कंटाळा येतो, आणि ज्याच्यामुळे पुढे आयुष्यभर आपल्या हातून ते काम चुकत नाही. माझं काम एकदाच चुकलं. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय. पण आधी मास्तर सांगतो, कारण ते कसे होते हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

भाईंदर पूर्वेला, गोडदेव नाक्यापासून थोडं आत, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या पहिल्या मजल्यावर दोन गाळे जोडून आमची इन्स्टिट्यूट होती. बोर्ड मोठा, वर्ग लहान. फ्रीज आणि एसी दुरुस्तीचा सहा महिन्यांचा कोर्स. मी तिथे चौतिसाव्या वर्षी दाखल झालो. त्याआधी स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात कारकून होतो. कारखाना एके दिवशी उठून गुजरातेत गेला, मी गोडदेवला राहिलो. चार महिने घरी बसलो. बायको काही बोलायची नाही, पण सकाळी डबा भरायच्या वेळेला ओट्यापाशी उगाच उभी राहायची. ते मला बोलण्यापेक्षा जड जायचं.

पहिल्या दिवशी मी नवी वही घेऊन गेलो. मास्तरांनी ती बघितली, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं आणि म्हणाले, “क्लार्कसाहेब, वही ठेवा बाजूला. हात आणा.” माझा हात धरून त्यांनी चालू एसीच्या जाड पाइपवर ठेवला. तळवा नाही, उलटा हात. “तळवा कामानं निबर होतो, मग त्याला काय कळत न्हाय. मागचं कातडं खरं बोलतं. आता सांगा, कसं लागतंय?” मी म्हटलं, थंड. “थंड तर पोहेपण असतात. नीट सांगा.” मग मी डोळे मिटले आणि सांगितलं, मातीच्या माठाला हात लावल्यासारखं, थोडं ओलसर. “हां,” मास्तर म्हणाले. “आता लिहा वहीत.”

त्या दिवसापासून मी क्लार्कसाहेब झालो.

मास्तर पालीचे. उत्तनच्या पुढची ती कोळ्यांची पाली. घरात पिढ्यानपिढ्या होड्या, पण यांना तरुणपणी समुद्र लागायचा. होडीत पाय ठेवला की पोटातलं बाहेर. “कोळ्याच्या घरात उलट्या करणारा जलमला,” असं बाप म्हणायचा म्हणे. म्हणून त्यांना बर्फाच्या कारखान्यात लावलं. तिथे ते यंत्रं शिकले, मग मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेले, आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर शिकवायला आले. बुटके, काळेसावळे, मनगटं मात्र नांगर ओढणाऱ्याची. जुन्या स्कूटरवरून यायचे. डब्यात बहुतेक सुकी मासळी. आमचे शेठ शाकाहारी, त्यांना वास सहन होत नसे, म्हणून मास्तर बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून जेवत. त्याचं त्यांना काही वाटत नसे, किंवा वाटत असेल तर दिसत नसे. आम्ही पण आमचे डबे घेऊन जिन्यात जाऊ लागलो. शेवटी शेठ एकटेच केबिनमध्ये जेवायचे.

कोर्सचा पहिला आठवडा फक्त गाठींचा. दोरीच्या गाठी. एसीचं बाहेरचं युनिट सातव्या-आठव्या मजल्याच्या खिडकीबाहेर टांगलेलं असतं, तिथे उतरायचं तर कमरेला दोरी हवी, आणि दोरीला भरवशाची गाठ. मुलं कुरकुरायची. “सर, हम एसी सीखने आये हैं या मच्छी पकडने?” मास्तरांचं उत्तर ठरलेलं. “एसी नीचे गिरा तो शेठ नया लेगा. तू गिरा तो तेरी बीवी नया लेगी.” मग मुलं परत दोरी उचलत.

आणि गॅस. उन्हाळा आला की मीरा रोडला घरोघर मेकॅनिक जाऊन ‘गॅस खतम हो गया’ म्हणून गॅस भरून येतात, हे तुम्हाला माहीतच आहे. मास्तरांना या शब्दाचा राग. “संपायला ते काय पेट्रोल हाय? बंद पायपात फिरतो तो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी पळाला. कुठून, ते शोधायचं.” एकदा नया नगरात एका बाईंच्या घरी मी त्यांच्यासोबत होतो. बाई म्हणाल्या, “मास्टरजी, आप बस भर दो, हर साल भरवाते हैं.” मास्तर अर्धा तास साबणाचा फेस लावत सांधा सांधा तपासत बसले. शेवटी भिंतीत घुसणाऱ्या पाइपवर एक बुडबुडा फुगला. त्यांनी बाईंना हात धरून जवळ बोलावलं आणि मुलाचा पहिला दात दाखवावा तसा तो बुडबुडा दाखवला. “देखो बाई. ये भागता था हर साल.” बाई कौतुकानं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तो वो पहले वाला आदमी क्या करता था?” मास्तर म्हणाले, “वो हर साल आता था ना, बस वही करता था.”

वर्गात मागच्या भिंतीला दोन सिलेंडर साखळीनं बांधलेले असत. एक नायट्रोजनचा, दुसरा ऑक्सिजनचा. ऑक्सिजन फक्त पाइप जोडताना ज्योतीसाठी, त्याची नळी कायम लावलेली. सांधा गळतो का हे तपासायला आत दाब देतात, तो नायट्रोजननंच द्यायचा. आत कॉम्प्रेसरचं तेल असतं, आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की बाँबच. दोन्ही सिलेंडरांच्या तोंडाचे आटे मात्र एकच. एकाची नळी दुसऱ्याला बसते. म्हणून मास्तरांनी ऑक्सिजनच्या मानेवर, नळीच्या जोडाभोवती, जुन्या जाळ्याचा एक तुकडा घट्ट गुंडाळून ठेवला होता आणि त्याला अशी गाठ मारली होती की माहीत नसलेल्याला ती कापावीच लागेल. सिलेंडरच्या रंगावरून कळतंच की, असं कोणी म्हटलं की मास्तर म्हणत, “घाईत डोळा रंग बघत न्हाय. हाताला जाळं लागलं की हात थांबतो.”

ती गाठ सोडायला त्यांनी एकालाच शिकवलं होतं. मला.

कारण कोर्स संपल्यावर मला कुठे काम मिळेना. कंपन्यांना विशीतली पोरं हवी होती. मास्तरांनी शेठकडे शब्द टाकला आणि मी तिथेच असिस्टंट म्हणून राहिलो. एके दिवशी दाब मोजायचं गेज कसं जपायचं ते ते मला सांगत होते. मी म्हटलं, “हो मास्तर.” सवयीनं त्यांनी पाना खाली ठेवला. मी सवयीनं परत सांगायला सुरुवात केली. तेव्हा त्यांनी हात हलवून मला थांबवलं. “तू नको सांगू. तुझं हो पुरतं मना.”

पहिल्यांदाच त्यांनी मला अरे-तुरे केलं. ही गोष्ट मी घरी जाऊन बायकोला सांगितली. तिला त्यात एवढं काय ते कळलं नाही. मी दुसऱ्यांदा सांगितली.

त्यानंतर तीन वर्षांनी जागृती आली. पालीचीच, मास्तरांच्या घरापासून चार घरं सोडून. वय अठ्ठावीस, नवरा बोटीवर. घरी मासळीचा धंदा, दोन डीप फ्रीजर, आणि ते बिघडले की भाईंदरहून मेकॅनिक यायला दोन दिवस. तोवर माल सडायचा. मास्तरांनी तिच्या सासूला महिनाभर समजावून तिला वर्गात आणलं. “गावात एक बाई हे काम शिकली ना, तर गावाला माझी गरज न्हाय,” असं ते मला म्हणाले. फार खूश होते. तिच्या सासूला त्यांनी शब्द दिला होता, सकाळी नेईन, दुपारी आणून सोडीन, तिला काय होणार न्हाय. रोज स्कूटरवर मागे बसून यायची. सगळी पोरं तिला आधी बिचकली, मग तिच्या हातची गाठ बघून गप्प झाली. गाठीच्या आठवड्यात तिला शिकवायला काही उरलंच नव्हतं.

तिचं उत्तर द्यायचं धाडसही मोठं. मास्तर “काय समजलं ते सांग” म्हणाले की ती म्हणायची, “काका, तू सांगितलंस त्यापेक्षा बरं सांगू?” आणि सांगायची.

आता ते सांगतो.

शिमग्याचे दिवस होते. पालीत होळी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण, मास्तर दोन दिवस सुट्टीवर. जागृती सुट्टी घेणार होती, पण त्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोठ्या कंपनीची माणसं वर्ग बघायला आणि शिकाऊ निवडायला येणार होती. म्हणून ती होळीचा नैवेद्य आटोपून एकटी बसनं आली. शेठनं मला सकाळीच सांगितलं, “आज सब दिखाना. वेल्डिंग, प्रेशर टेस्ट, सब. ये लोग पास हो गये तो अपना नाम हो जायेगा.” मी मागे जाऊन पाहिलं तर नायट्रोजनचा सिलेंडर रिकामा. काटा शून्यावर. गेल्या आठवड्यात मागवायला सांगितला होता, शेठ विसरले होते. दुकान होळीमुळे बंद.

मी मास्तरांना फोन लावला. पलीकडे ढोल वाजत होता, ते ओरडून बोलत होते. मी परिस्थिती सांगितली. ते म्हणाले, “थांब. परेशर द्यायचं न्हाय. पायपा जोडून दाखव, बाकीचं उद्या. काय?”

“हो मास्तर,” मी म्हटलं. “ठीक आहे मास्तर. हो. हो.”

दुसरा कोणी असता तर त्यांनी त्या ढोलाच्या आवाजातही विचारलं असतं, काय समजलं ते सांग. मला विचारलं नाही. फोन ठेवला.

जागृती माझ्या बाजूलाच उभी होती, हातात साबणाच्या पाण्याचा मग आणि ब्रश. “काका काय बोलला?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “चल, करू या.”

एवढंच. मी खोटं बोललो नाही, असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो. पण तिनं माझं हो-हो ऐकलं होतं आणि मी तिला ‘चल’ म्हटलं होतं. आणखी काय बोलायला हवं होतं मी? कंपनीची माणसं शेठच्या केबिनमध्ये सरबत पीत होती. मला त्यांच्यासमोर ‘आज नाही होणार’ म्हणायचं नव्हतं. मास्तर नसताना मी वर्ग चालवू शकतो हे दाखवायचं होतं, हेही खरं आहे. थोडासाच दाब देऊ, दोन बुडबुडे दिसले की बंद करू, असा हिशेब मी मनात केला. आणि ऑक्सिजनच्या मानेवरची जाळ्याची गाठ सोडून नायट्रोजनची नळी तिथे बसवली. जाळं हाताला लागलं होतं. हात थांबला नाही.

जागृती कॉम्प्रेसरवर वाकून सांध्याला ब्रश लावत होती. मी मागे सिलेंडरपाशी होतो.

आवाज मी ऐकला असं मला आठवत नाही. खिडकीची काच पडलेली आठवते, आणि ती खाली बसलेली, डावा हात पुढे धरून, आपला नाहीच असल्यासारखा त्या हाताकडे बघत. पाइप फुटून तिच्या डाव्या बाजूला आग आली होती. तिचा हात कोपरापर्यंत भाजला. डावा कान गेला तो गेलाच.

मला खरचटलंही नाही.

संध्याकाळी शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं. पंखा बंद होता, घाम पुसत होते. त्यांनी सिलेंडर रिकामा असल्याचं काढलंच नाही. एकच प्रश्न विचारला, “मास्टरको फोन किया था ना तूने?” मी म्हटलं, केला होता. “फोन में रेकॉर्ड दिखेगा ना, कितने बजे किया?” मी म्हटलं, दिसेल. “और वो लड़की ने सुना?” मी मान डोलावली. मग ते मराठीत आले, असे ते क्वचित येत. “म्हातारा पुढच्या वर्षी रिटायर होणारच आहे रे. त्याला काय फरक पडतो. तुझ्या घरी कोण कमावणार? पोलीस आले तर पहिला तूच.” कागद त्यांनी पुढे केला. मजकूर त्यांनी सांगितला, लिहिला मी. सूचनेप्रमाणे, फोनवरून, ऑक्सिजन वापरण्यास सांगितल्याने. कारकुनी अक्षरात, समास सोडून. खाली सही.

शेठनं मला फसवलं असं म्हणायची सोय नाही. मला सकाळच्या ओट्यापाशी उभी राहणारी बायको दिसत होती, एवढं म्हणता येईल. तेही कारण आहे, निमित्त नाही, असं मी म्हणत आलो. आता म्हणत नाही.

दोन दिवसांनी मास्तर आले. आधी ते मागच्या भिंतीपाशी गेले. जाळ्याचा तुकडा खाली पडला होता. त्यांनी तो उचलला, टोकं बोटांनी चाचपली. “कापलं न्हाय,” ते म्हणाले. “सोडलंय.” माझ्याकडे बघितलं नाही. मग केबिनमध्ये गेले, तिथे शेठनं त्यांच्यापुढे कागद ठेवला. मी दारात उभा होतो. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, सहीपर्यंत. मग चष्मा काढून म्हणाले, “अक्षर चांगलं हाय तुझं.”

ते त्याच दिवशी गेले. डबा न खाता.

तपासणी झाली, कागद फिरले, प्रकरण निजलं. जागृतीला कोणीतरी विचारलं तेव्हा तिनं जे ऐकलं होतं ते प्रामाणिकपणे सांगितलं. सरांनी काकांना फोन केला, काका काहीतरी बोलले, सर ‘हो मास्तर’ म्हणाले, आणि मग आम्ही केलं. ती खरं बोलत होती. माझ्या खोट्याला तिच्या खऱ्याचा आधार मिळाला. पालीत मास्तरांनी तिच्या सासूला सांगायचा प्रयत्न केला, मी न्हाय सांगितलं. सासू म्हणाली, सून कानानं ऐकून आली, आता तो कान पण न्हाय राहिला, आणि तू खोटं बोलतोस?

महिनाभरानं एका रविवारी सकाळी मास्तर माझ्या बिल्डिंगखाली आले. वर आले नाहीत. वॉचमननं हाक मारली म्हणून मी खाली गेलो. स्कूटरला टेकून उभे होते. दाढी वाढलेली. मी ‘चहा’ म्हणणार होतो, ते बोलू लागले.

“पोलिसांना न्हाय सांगायचं. शेठला न्हाय. तुझी नोकरी ठेव तुला. फक्त तिला सांग. जागृतीला. मी थांब बोललो होतो, एवढंच. ती माझ्या दारावरून जाते, बघत न्हाय.”

मी म्हटलं, “हो मास्तर.”

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. “काय समजलास ते सांग.”

तीन-साडेतीन वर्षांत त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मी शाळेतल्या पोरासारखं सांगितलं. “जागृतीला सांगायचं की तुम्ही फोनवर थांब म्हणाला होतात. प्रेशर द्यायचं नाही म्हणाला होतात. मी दिलं.”

“बरोबर,” ते म्हणाले आणि स्कूटर चालू केली.

मी गेलो नाही. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं, मग तिची जखम भरली की जाऊ म्हटलं, मग एवढे दिवस गेल्यावर काय तोंडानं जायचं म्हटलं. इन्स्टिट्यूट दीडेक वर्षात बंद पडली, शेठनं गाळे जिमला दिले. मी माझं दुरुस्तीचं दुकान काढलं. चांगलं चालतं. हाताखाली सहा जण आहेत. ते मला ‘सर’ म्हणतात. मी त्यांना काम समजावतो, ते मान डोलावतात, आणि मी पुढचं बोलू लागतो. ‘काय समजलं ते सांग’ हे वाक्य मला कधीच जमलं नाही.

अधूनमधून कानावर यायचं. पालीत मास्तरांना आता कोणी फ्रीज उघडायला बोलवत नाही. भाईंदरहून मेकॅनिक येतो, दोन दिवसांनी का होईना. मास्तर धक्क्यावर बोटींत बर्फ चढवतात. तोच बर्फ, ज्याच्या कारखान्यात त्यांनी कामाला सुरुवात केली होती. कोणीतरी मला हे गंमत म्हणून सांगितलं. अकरा वर्षं अशी गेली.

गेल्या थंडीत एका जुन्या शिकाऊनं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मास्तरांचा फोटो टाकला. हार घातलेला. खाली तीन हात जोडलेले. मी पण हात जोडलेले टाकले. मयताला गेलो नाही. दिवसकार्यालाही नाही.

गेलो ते चार महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी. उत्तनपर्यंत बस, पुढे रिक्षा. पालीत गल्ल्या अरुंद, माझ्या दोन्ही बाजूंनी स्कूटर आणि मोटारसायकली घासून जात होत्या. जागृती घराच्या पडवीत फ्रीजर मांडून मासे विकते. तिनं मला ओळखलं. “सर तुम्ही,” म्हणाली. आनंदानं म्हणाली, हे लिहायला हवं. स्टूल पुढे केलं. हाताची कातडी अजून आखडलेली आहे, पण सुरी त्याच हातात होती. समोर एक म्हातारी गिऱ्हाईक पापलेट उलटून-पालटून बघत होती.

मी स्टुलावर बसलो आणि लगेच सांगायला लागलो, न थांबता, कारण थांबलो असतो तर उठलो असतो. हळू आवाजात सांगितलं. मास्तरांचा फोन, थांब म्हटलं होतं ते, गाठ मी सोडली ते, कागद मी लिहिला ते. बोलून झालं. ती मासा साफ करत होती. थोड्या वेळानं तिनं वर बघितलं. “काय बोललात का? या बाजूनं या, सर. तिकडचं नाही ऐकू येत.”

मी उठलो, फ्रीजरला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला गेलो. तिथे बसायला जागा नव्हती. उभ्यानं परत सगळं सांगितलं. रस्त्यावर एक गाडी हॉर्न देत होती म्हणून जोरात सांगावं लागलं. म्हातारीनं पापलेट खाली ठेवलं. शेजारच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. मी थांबलो नाही.

जागृतीनं सुरी टोपलीत ठेवली. मग म्हणाली, “सगला गाव मयताला गेला. मी दार लावून घरात बसले.”

मी काही म्हणणार होतो.

“तू हितंच थांब,” ती म्हणाली. “काकीच्या दारात येऊ नको.”

तिनं बादलीत हात धुतले, पदराला पुसले, आणि ती चार घरं सोडून मास्तरांच्या घराकडे चालत गेली. ओट्यावर मास्तरांची बायको सुकट निवडत बसली होती. जागृती तिच्यासमोर उकिडवी बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मास्तरांच्या बायकोचे हात सुपात थांबले. मग जागृतीनं सूप आपल्याकडे ओढलं आणि खाली मान घालून ती निवडू लागली, कचरा एकीकडे, सुकट एकीकडे.

मास्तरांच्या बायकोनं मान वर करून गल्लीतून माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही. मी फ्रीजरपाशी उभा राहिलो.